वणीएवढी राजधानी

लोकसंख्येच्या रकान्यात 'वणीएवढी' असा शब्द टाइप होऊन पुण्याला गेला आणि तिथे पाच जणांची समिती हसली. खरं तर चौघंच हसली. पाचवी सभासद रजनी सगदेव यवतमाळात, दारव्हा रोडवरच्या आपल्या घरात गवार मोडत बसली होती, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं ते दुपारी, डॉ. सलील खांबेट्यांचा फोन आला तेव्हा. पुण्यातली एक प्रकाशनसंस्था 'जगसूची' नावाचा मोठा संदर्भग्रंथ काढत होती. जगातल्या नद्या, डोंगर, देश, नाणी, भाषा, सगळ्यांच्या याद्या मराठीत, एका ठिकाणी. खांबेटे त्याचे संपादक. राजधान्यांची यादी रजनीकडे होती. देशांच्या राजधान्या कोणीही केल्या असत्या. तिच्याकडे होत्या त्या देशांच्या आतल्या, प्रांतांच्या राजधान्या.

"रजनीताई," खांबेटे अजून हसत होते, "आज आम्ही फार दिवसांनी इतकं हसलो. इटानगर, लोकसंख्या वणीएवढी. नूक, दारव्ह्यापेक्षा लहान. आणि हे इकालुइट, बोरीच्या बाजाराच्या दिवशी असते तेवढी. ही बोरी म्हणजे काय हो?"

गवारीची शेंग रजनीच्या बोटांत तशीच राहिली.

"बोरी अरब," ती म्हणाली. "दारव्हा तालुका."

चूक कुठे झाली ते तिला त्याच क्षणी कळलं, पण कशी झाली ते कळेना.

ती एकोणतीस वर्षं यवतमाळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात होती. स्पर्धा परीक्षेची मुलं टेबलाशी यायची, मेघालयची राजधानी, मिझोरामची राजधानी विचारायची, आणि ती कपाटाकडे न वळता सांगायची. एके दिवशी एका मुलीनं ग्रीनलंडची राजधानी विचारली. रजनीला येत नव्हती. तिनं कपाटं धुंडाळली. मराठीतल्या एकाही पुस्तकात नव्हती, कारण ग्रीनलंड हा देश नव्हे, दुसऱ्या देशाच्या ताब्यातला प्रदेश. देशांचीच तेवढी नोंद घ्यायची, बाकीच्यांची नाही, असं त्या पुस्तकांनी आपसांत ठरवलेलं दिसत होतं. पाहुणे जेवायला बसले आहेत आणि मिठाचा डबा रिकामा निघाला, तसं तिला झालं. त्या मुलीला तिनं आठ दिवसांनी उत्तर दिलं, नूक. पण तेवढ्यात भागलं नाही. त्या दिवसापासून ती प्रांतांच्या राजधान्या जमवायला लागली. त्याला अकरा वर्षं झाली.

जमवायची पद्धतही तिची तीच. यवतमाळात लग्नसराई सुरू झाली की एकेका घरी साठ-सत्तर पत्रिका येतात. जाड, गुळगुळीत कागद, मागची बाजू कोरी. लग्न झालं की पत्रिकेचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. देवाचं चित्र असतं म्हणून फेकवत नाही आणि ठेवायला जागा नसते. रजनी चित्राची बाजू तेवढी काढून ठेवायची आणि बाकीच्याची कार्डं कापायची. त्यामुळे तिच्या प्रत्येक राजधानीच्या मागे कोणाचं तरी लग्न होतं. एडिंबराच्या मागे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', कोहिमाच्या मागे 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'. अशी तीनशे बारा कार्डं बुटांच्या चार खोक्यांत, वर्णक्रमानं.

कार्डावर शाईनं नाव, प्रांत, देश, लोकसंख्या. आकडे लिहिताना तिची एक अडचण व्हायची. वीस हजार म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर काही उभं राहायचं नाही. म्हणून आकड्याच्या वर ती आपल्या जिल्ह्यातल्या गावांचं माप पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवायची: दारव्ह्यापेक्षा लहान. पांढरकवड्याच्या अर्धी. गंगटोक, यवतमाळपेक्षा जरा कमी. एवढं लिहिलं की ते गाव तिला दिसायचं. तिथला भाजीबाजार केवढा असेल, एकाच्या घरातलं भांडण किती गल्ल्यांपर्यंत पोचत असेल, हे समजायचं.

हे फक्त तिच्यासाठी होतं. आता ते पुण्यात पाच लाखांच्या गप्पा मारणाऱ्यांच्या हातात पडलं होतं.

पाच लाखांच्या, कारण खांबेट्यांनी हसणं आवरून पुढे तेच सांगितलं. "पानं कमी पडतायत, ताई. समितीनं असं ठरवलंय की पाच लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्याच प्रांतीय राजधान्या घ्यायच्या. तुमच्या तीनशे बारातल्या एकशे चार राहतात."

"आणि दोनशे आठ?"

"वाचकाला त्यांचा उपयोग काय, सांगा ना. बरं, एक चांगली बातमी. तुमच्या भागाचा मान म्हणून नागपूर घेऊ या. उपराजधानी आहे, नियमात बसत नाही, पण विशेष बाब म्हणून. आणि मुखपृष्ठावर तुमचं नाव सहसंपादक म्हणून. शुक्रवारी तीनला ऑनलाइन बैठक आहे. तुम्ही फक्त हो म्हणायचं. नवी यादी आणि माझा मजकूर मेल केलाय."

फोन ठेवला तर दारात तिचे यजमान अनंतराव उभे. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस एरवी फोनवरचं बोलणं ऐकलं तरी न ऐकल्यासारखं करायचा. आज नाही.

"नागपूर घेतलं?"

"विशेष बाब म्हणून."

"अगं, कसंही घेईनात! छापलं तर जाईल!"

अनंतराव कॉलेजात असताना वेगळ्या विदर्भासाठी एस.टी.च्या पाट्यांवर डांबर फासत फिरले होते आणि त्यापायी एक अख्खा दिवस चौकीत बसले होते. पुढे नोकरी लागली, डांबर सुटलं, विदर्भ सुटला नाही. रजनीनं कार्डं करायला घेतली तेव्हा नागपूरचं कार्ड त्यांनी तिला करूच दिलं नव्हतं. मुलीच्या, आभाच्या लग्नाची पत्रिका उरली होती, तिच्यावर स्वतः लिहिलं, हिरव्या शाईनं. नोकरीत हिरवी शाई साहेबांची. बाबूनं वापरली तर मेमो मिळायचा. निवृत्त झाल्याबरोबर अनंतरावांनी पहिली खरेदी हिरव्या पेनाची केली होती. त्या कार्डावर लिहिलं होतं: 'नागपूर. लोकसंख्या भरपूर. दर्जा: राजधानी (लवकरच).'

रजनीनं ते कार्ड खोक्यात ठेवलं होतं. मध्ये आणखी काही गावं अशीच आली, धरमशाला, गैरसैण. थंडीत नाहीतर उन्हाळ्यात सरकार चार दिवस जातं अशी. ती तिनं बाजूला काढली. नागपूरपाशी मात्र तिचा हात थबकायचा. हे पुढे बघू, असं अकरा वर्षं चाललं होतं.

अनंतरावांनी त्या दिवशी स्वतः चहा केला. शेजारच्या मारोतरावांना हाक मारून कुंपणावरूनच बातमी दिली. आत आले तर रजनी गवारीसमोर तशीच.

"तू काहून तोंड पाडून बसली?"

"दोनशे आठ गावं काढून राह्यले ते."

"कोणती? ज्यायचं नाव घेता घेता जीभ वळते, ती? त्या नूकमध्ये आपलं कोण राह्यते?"

"नागपुरात कोण राह्यते? आभासुद्धा बंगलोरला गेली."

"अगं, पण ते आपलं आहे!"

"तेच विचारून राह्यली मी. आपलं आहे म्हणून घ्यायचं, का राजधानी आहे म्हणून?"

अनंतरावांनी कप ओट्यावर जरा जोरात ठेवला. "मोर्चा घेऊन कुठं जातो आपण दर डिसेंबरला? येत्या सोमवारी आमची पेन्शनवाल्यांची गाडी कुठं चालली? अधिवेशन कुठं असते?"

"किती दिवस असते?"

"दिवस कायले मोजते तू?"

"पंधरा दिवस धरा. बाकीचे साडेअकरा महिने?"

सकाळी वाचून झालेला पेपर अनंतरावांनी पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी रजनी बसस्टँडजवळच्या फुलसिंगच्या दुकानात गेली. झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. पन्नाशीचा फुलसिंग राठोड, चष्मा कपाळावर, कोर्टाचे कागद टाइप करून करून मान एका बाजूला झालेली. रजनीला मराठी टाइप करायला एका पानाला तास लागतो, म्हणून कार्डं तिनं त्याच्याकडे दिली होती.

"फुलसिंगभाऊ, आकडे कुठं गेले माझे?"

"कोणते आकडे?"

"शाईनं लिहिलेले. तुम्ही पेन्सिलीचं टाइप केलं."

"मंग?" फुलसिंगला चूक दिसेचना. "मॅडम, वकील लोक कच्च्या कागदावर दुरुस्ती पेन्सिलनंच करतात. शाईच्या वर पेन्सिल दिसली का शाईचं सोडा लागते आन् पेन्सिलचं घ्या लागते. पंचवीस वर्षं झाले मले."

"अहो, पण लोकसंख्येत वणीएवढी असं कोणी लिहिते का?"

"मले वाटलं नवीन माप निंगालं असन. एकदा एका वकिलाच्या कागदात मी एक शब्द सुधरवला होता. त्यानं असा झाडला मले, तवापासून कानाले खडा. समोर जे हाय तेच छापाचं." मग त्यानं चष्मा खाली घेतला. "पण मॅडम, एक सांगू? मले समजलं. त्या इटानगरात किती लोक राह्यत असन ते मले टाइप करता करता दिसलं. आकड्यानं दिसत नाही."

रजनीला हसावं की रडावं कळेना. तिनं खांबेट्यांची मेल त्याच्याकडूनच छापून घेतली. यंत्र कागद ओकत होतं तोवर तिनं पाच लाखांच्या अटीचं त्याला सांगितलं. तोही आपल्यासारखा चिडेल असं तिला वाटलं होतं. फुलसिंग मुळीच चिडला नाही.

"चालाचंच," तो म्हणाला. "आमच्या तांड्यात पावणेचारशे माणूस. वेगळं गाव म्हणा म्हटलं तं म्हणे, माणसं कमी हायेत. ग्रामपंचायत नाल्याच्या पलीकडं. दाखला पाह्यजे असला, चाला नाल्यापलीकडं. पाणी आलं, थांबा. माहा बाप थांबला, मी थांबलो. माणसं मोजूनच ठरवतात न सगळं. मंग त्या कोहिमावाल्यानं काहून रडावं?"

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की रजनीला त्याचा राग आला. कोणी आपल्या पायावर पाय देऊन उभा आहे आणि आपण त्याला जागा करून देतो आहोत, तसं ते बोलणं होतं. आणि मग तिला वाटलं, शुक्रवारी आपण हो म्हटलं तर आपणही तेच करणार. वर मुखपृष्ठावर नाव घेऊन.

ती तिथेच स्टुलावर बसून खांबेट्यांची एकशे चारची यादी वाचायला लागली. बंगळुरू, बार्सिलोना, भोपाळ, म्युनिक. बोट खाली सरकत गेलं आणि एका नावावर थांबलं. तिनं पुन्हा वाचलं. मग दुसरा कागद काढला, खांबेट्यांच्या स्वतःच्या लेखाचा, आणि त्यातल्या एका ओळीखाली नखानं रेघ मारली.

"फुलसिंगभाऊ, पेन्सिल आहे का?"

"दुरुस्ती हाय?"

"हो," रजनी म्हणाली. "आता आहे."

शुक्रवारी तीन वाजता तिनं आभाचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला. चारही खोकी शेजारी मांडून ठेवली. समोरच्या खुर्चीवर, पुण्याला दिसणार नाही अशा बेतानं, अनंतराव भुईमुगाच्या शेंगांची परात घेऊन बसले. त्यांनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं, फक्त हो म्हण.

पडद्यावर चार चौकटी. खांबेटे. त्यांच्यासारखेच पुण्याचे एक प्राध्यापक. मुंबईचे एक निवृत्त सरकारी अधिकारी. आणि कोल्हापूरच्या भूगोलाच्या प्राध्यापिका. सुरुवातीला वणीवरून पुन्हा थोडं हसणं झालं. रजनीनं ते होऊ दिलं. खांबेट्यांनी ठराव वाचला आणि म्हणाले, "रजनीताईंचा होकार आपण गृहीत धरतो."

"धरू नका," रजनी म्हणाली.

परातीत शेंग फुटल्याचा आवाज झाला.

"मला एक आकडा सांगा. पणजीची लोकसंख्या किती?"

मुंबईचे अधिकारी म्हणाले, "पणजी तर घ्यावीच लागेल. सगळ्यांना माहीत आहे."

"चाळीस हजाराच्या घरात आहे. तुमची अट पाच लाखांची. यादीत पणजी आहे, कोहिमा नाही. कोहिमा पणजीच्या दुपटीहून मोठी आहे."

"ती विशेष बाब म्हणून..." खांबेटे म्हणाले.

"कशात विशेष? तुम्ही सुट्टीत जाता म्हणून? मीही गेले आहे, छान गाव आहे. पण आपण फिरायला जातो ते गाव मोठं आणि जात नाही ते लहान, असा नियम असेल तर तसा छापा. पहिल्या पानावर, ठळक. मी सही करते."

कोल्हापूरच्या बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. या वेळचं हसणं वेगळं होतं.

खांबेट्यांचा आवाज जरा चढला. "ताई, प्रश्न पानांचा आहे."

"दोनशे आठ ओळींना पाच पानं लागतात. तुमच्या नौरू देशाच्या लेखात समुद्राचे सहा पानं फोटो आहेत. आणि त्या लेखात पहिल्याच ओळीत काय लिहिलंय, वाचू? 'हा देश आकाराने आपल्या कोथरूडएवढा आहे.'"

"ते वाचकाला पटकन कल्पना यावी म्हणून."

"माझ्या वणीचंही तेच काम होतं."

"अहो, पण कोथरूड सगळ्यांना माहीत असतं!"

"यवतमाळात कोणाला विचारू? मी आयुष्यात एकदा गेले आहे, तेही रिक्षावाल्यानं चुकून नेलं म्हणून. आकडे मी उद्या पाठवते, चूक माझी होती. पण वणी काढायची तर कोथरूडही काढा."

आता कोल्हापूरच्या बाईंनी विचारलं, "मग तुमचा नियम काय, रजनीताई? काहीतरी नियम लागेल ना."

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. बुधवारपासून गवार निवडताना, कपडे वाळत घालताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना ती याचंच उत्तर घोळवत होती.

"सोपा आहे. ज्या गावात प्रांताची चूल बारा महिने पेटते, ती राजधानी. माणसं किती जेवतात ते मोजायचं नाही. सात हजार असोत नाहीतर सत्तर लाख. तिथल्या माणसाचा कागद अडला तर तो ज्या गावाला जातो आणि जिथे वर्षातल्या कुठल्याही दिवशी दार उघडं असतं, ते गाव घ्यायचं. सणासुदीला कुलूप काढतात ते घर म्हणजे राहतं घर नव्हे."

मग खांबेटे सावकाश बोलले, बुद्धिबळात समोरच्याची चूक दिसल्यावर माणूस बोलतो तसे.

"फार छान. पण मग ताई, या नियमात तुमचं नागपूर बसत नाही."

समोर अनंतरावांचा हात परातीवर थांबला होता. बोटांत न फुटलेली शेंग. ते रजनीकडे बघत होते. रजनीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग तिसरं खोकं ओढलं, 'न' काढला, हिरव्या शाईचं कार्ड बाहेर काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

"नाही बसत," ती म्हणाली. "धरमशाला नाही बसत, गैरसैण नाही बसत, नागपूर नाही बसत. ज्या दिवशी तिथं चूल पेटेल त्या दिवशी मी स्वतः पुण्याला येऊन घालीन. तोवर काढा. पण माझं तोंड बंद करायला म्हणून घालायचं नाही. आमच्या गावाला विशेष बाब म्हणून कुठं बसवलेलं मला नको आहे."

"तुमच्या तिकडचे लोक रागावतील हो."

"समोरच बसलेत. रागावलेत."

मतं घेतली. खांबेटे आणि पुण्याचे प्राध्यापक पाच लाखांच्या बाजूनं. रजनी आणि कोल्हापूर चुलीच्या बाजूनं. मुंबईचे अधिकारी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्या नियमात पणजी राहते ना, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि हात वर केला. अशा रीतीनं पणजीनं कोहिमाला वाचवलं. गंगटोक, इटानगर, नूक, सात हजारांचं इकालुइट, सगळी आत आली. तीनशे बारामधून एकच कार्ड बाहेर पडलं.

"मुखपृष्ठावरच्या नावाचं आता पुन्हा बघावं लागेल," खांबेटे शेवटी म्हणाले.

"बघा," रजनी म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

अनंतराव तिच्याशी तीन दिवस बोलले नाहीत. बत्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला न बोलता काम कसं करून घ्यायचं ते येतं. चहा पाहिजे असला की कप टेबलाच्या कडेला, कपाचा कान बाहेरच्या बाजूला. मारोतराव कुंपणापाशी आले तर अनंतराव त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "घरातच फितुरी असली तर बाहेरच्याले काय बोलाचं?" रजनी दोरीवरून कपडे काढत होती. तिनं त्यांचा शर्ट झटकला, घडी केली आणि आत नेला.

सोमवारी पहाटे पेन्शनवाल्यांची गाडी होती. रजनीनं पोळ्या, झुणका, ठेचा बांधून दिला. दारात अनंतराव चौथ्या दिवशी पहिलं वाक्य बोलले.

"मी कोणत्या गावाले चाललो, माहीत आहे का तुले?"

"माहीत आहे. परत कधी?"

"राजधानीतलं काम झालं की."

"मफलर घ्या," रजनी म्हणाली. "राजधानीत थंडी असते."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. घोषणा देऊन घसा बसलेला, टोपी चुरगळलेली, एका चपलेचा अंगठा तुटलेला. रजनीनं कोमट पाण्यात मीठ घालून दिलं. गुळण्या झाल्यावर तिनं विचारलं, "निवेदन कोणी घेतलं?"

"मंत्री नाही भेटले. एक बाबू आला फाटकापाशी. त्यानं घेतलं, पोच दिली. म्हणे, मुंबईला पाठवतो, तिथं..."

अनंतराव तिथेच थांबले. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं होतं. भांडं उचलून रजनी मोरीकडे वळली.

"एक शब्द बोलू नको," ते मागून म्हणाले.

"मी कुठं बोलून राह्यली?"

"पाठ बोलून राह्यली तुही."

त्याच दुपारी खांबेट्यांचं पत्र आलं होतं. यादी नव्या नियमानं जात आहे. कोथरूड काढलं आहे. सहसंपादकपदाबाबत समितीचं एकमत न झाल्यानं रजनीताईंचं नाव आतल्या पानावर, सहकार्य करणाऱ्यांच्या यादीत, अकाराविल्हे. तिनं मोजून पाहिलं, सतरावं. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. अकरा वर्षं आणि सतरावा नंबर. तिनं पत्र घडी करून खोक्यांच्या खाली ठेवलं आणि भाजीला फोडणी घातली. मोहरी जरा जास्तच पडली.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी ती बाहेरच्या खोलीत आली तर अनंतराव टेबलाशी बसले होते. तिसरं खोकं उघडं. नागपूरचं कार्ड समोर, आणि हातात हिरवं पेन. ती मागे उभी राहिली. त्यांनी जुन्या ओळींतलं काही खोडलं नव्हतं. खाली उरलेल्या जागेत, फायलीवर लिहितात तशा तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

'सदर नाव वगळण्यास माझा तीव्र विरोध आहे. विरोधाची नोंद घ्यावी. अ. वा. सगदेव.' खाली तारीख.

"हे काढून फेकाचं नाही," ते मान वर न करता म्हणाले. "यादीत नाही तर नाही. पण फायलीत राह्यलं पाह्यजे. वरिष्ठांनी काही निर्णय घेतला आणि तो आपल्याला पटला नाही, तर बाबूले एवढा अधिकार असते."

रजनीनं कार्ड हातात घेतलं, दिव्याखाली धरून पुरतं वाचलं. पलटून पाहिलं. मागे आभाचं नाव, तिच्या सासरचं नाव, मंगल कार्यालयाचा पत्ता.

"आवक क्रमांक नाही टाकला," ती म्हणाली.

अनंतरावांनी पेन पुन्हा उघडलं आणि वरच्या कोपऱ्यात आकडा टाकला. एक.

"दोन कधी येईल?"

"मी आहे तोवर दर डिसेंबरला येईल," अनंतराव म्हणाले.

"येऊ द्या," रजनी म्हणाली. तिनं कार्ड खोक्यात परत ठेवलं, 'न' मध्ये, त्याच्या जागी, नूकच्या आधी.